आले तसे पुढे पाठवले

शीर्षकातले हे चार शब्द तुम्ही या आठवड्यात एकदा तरी वाचले असतील. कधी ते 'फॉरवर्डेड अ‍ॅज रिसीव्हड' अशा इंग्रजी ऐटीत येतात, कधी 'खरे-खोटे माहीत नाही, पण काळजी घेतलेली बरी' असे म्हणत येतात. ई-मेल नवे होते तेव्हा जालावरच्या मराठी मंडळींनी अशा निरोपांना 'ढकलपत्र' असे झकास नाव दिले होते. तो शब्द मागे पडला याचे मला वाईट वाटते. पत्र कुणीतरी लिहितो, हे नुसते ढकलायचे. त्या एका शब्दात सगळे आले होते.

माझा एक भाचा संगणकाच्या धंद्यात आहे. मागे फोनवर बोलताना तो चिडून म्हणाला, "मावशी, संविधानात कलम १९ आहे ना? मग मी एक निरोप पाच जणांना पाठवायचा की पन्नास जणांना, हे ती कंपनी कोण ठरवणार? तू तर आयुष्यभर विचारस्वातंत्र्य शिकवलंस." प्रश्न चांगला होता. वर्गात कुणी असा प्रश्न विचारला असता तर मला आनंदच झाला असता. पण फोनवर उत्तर देता येईल असा तो नव्हता. माझ्या मनात त्याचे निरनिराळे धागे सुटत गेले, ते इथे जमेल तसे मांडते.

बी.ए.ला तत्त्वज्ञान हा माझा एक विषय होता, आणि तोही मराठीतून. जॉन स्टुअर्ट मिलचा 'ऑन लिबर्टी' हा १८५९ सालचा ग्रंथ आम्ही सरांनी फळ्यावर काढून दिलेल्या टिपणांतून शिकलो. त्यातले बरेच आता विसरले. पण धान्याच्या व्यापाऱ्याचे उदाहरण मात्र पक्के डोक्यात आहे. मिल म्हणतो ते साधारण असे : धान्याचे व्यापारी गरिबांना उपाशी मारतात, असे मत कुणी छापून प्रसिद्ध केले, तर त्याला कुणीही हात लावू नये. मत चूक असले तरी लावू नये. पण तेच मत खवळलेल्या जमावापुढे, व्यापाऱ्याच्या घरासमोर उभे राहून कुणी बोलले, तर त्याला शिक्षा होऊ शकते. मिल पुढे आणखी एक बारीक गोष्ट सांगतो आणि ती आमच्या टिपणांत नव्हती, मी नंतर वाचली. त्या जमावात हेच मत लिहिलेला फलक हातोहात फिरवला, तरीही तेच. म्हणजे बोलले की छापले, हा फरक त्याला महत्त्वाचा वाटत नव्हता. शब्द कुठे पोचला, कधी पोचला आणि त्या वेळी माणसे कोणत्या अवस्थेत होती, हे त्याला महत्त्वाचे वाटत होते.

पन्नास वर्षांनी हे उदाहरण पुन्हा वाचताना लक्षात आले, की मिलच्या युक्तिवादात एक मुका भागीदार आहे. तो म्हणजे त्याच्या काळचा छापखाना. लेख लिहायचा, मग खिळे जुळवायचे, मुद्रिते तपासायची, छापायचे, गठ्ठे बांधायचे, पोस्टाने धाडायचे. वाचणारा वाचतो तेव्हा सकाळ असते, हातात चहा असतो आणि व्यापाऱ्याचे घर दोन कोसांवर असते. राग आलाच तर चप्पल घालून तिथवर जाईपर्यंत अर्धा उतरतो. मिलला हे अंतर सांगण्याची गरजच वाटली नाही, कारण ते होतेच. अंतर होते म्हणून छापलेल्या शब्दाला पूर्ण मोकळीक देणे परवडत होते. मला तर वाटते, आपण ज्याला विचारस्वातंत्र्य म्हणून शिकलो, त्याची निम्मी राखण त्या खिळ्यांनी आणि गठ्ठ्यांनी केली.

आता वर्तमानपत्र आणि जमाव यांची जागा एकच झाली आहे. व्यापाऱ्याच्या दारात उभा असलेला माणूस तिथेच खिशातून वर्तमानपत्र काढतो, वाचतो आणि शेजारच्याला दाखवतो. त्याला आपण फलक म्हणायचे की छापील मत?

याचे उदाहरण दूर शोधायला नको. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचे गाव आहे. १ जुलै २०१८, रविवार, तिथल्या आठवडी बाजाराचा दिवस. मुले पळवणारी टोळी आली आहे, अशा अफवा त्या दिवसांत मोबाइलवरून फिरत होत्या. गावात भिक्षा मागायला पाच माणसे आली होती. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढे भागातली. त्यांतला एक जण एका लहान मुलीशी बोलताना दिसला, असे म्हणतात. जमाव जमला. त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मारले. पाचही जण मेले.

डवरी गोसाव्यांना डवरी म्हणतात ते त्यांच्या डौरावरून. डौर वाजवत गावोगाव भराड गाणारे, भिक्षा मागणारे हे लोक. पिढ्यान्‌पिढ्या यांच्या तोंडून गाणी आणि कथा एका गावातून दुसऱ्या गावात जात आल्या. आपल्याकडे शब्द फिरायचा तो असा, माणसाच्या पायांनी. अनोळखी माणूस दारात यायचा, पण त्याचा चेहरा दिसायचा, आवाज ऐकू यायचा, हातात डौर असायचा. "कुठल्या गावचा रे बाबा?" असे विचारता यायचे. जो शब्द त्यांच्या आधी राईनपाड्यात पोचून बसला होता, त्याला गाव नव्हते. त्याला कुणी काही विचारूही शकत नव्हते.

त्या वर्षी देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एक तुम्हीही पाहिली असेल. मोटारसायकलवरून दोघे येतात, गल्लीत खेळणाऱ्या मुलांतून एकाला उचलतात आणि पळून जातात. आपल्याकडे ती 'आपल्याच भागात घडले' म्हणून फिरली. मुळात ती कराचीची, पालकांना सावध करण्यासाठी मुद्दाम तयार केलेली जाहिरात होती. मूळ फितीत शेवटी ते दोघे परत येतात, मुलाला खाली सोडतात आणि एक फलक दाखवतात : कराचीच्या रस्त्यावरून मूल पळवायला एक क्षण पुरतो. कुणीतरी तेवढा शेवट कापून टाकला. खोटे असे काही त्यात घालावेच लागले नाही, काही सेकंद काढले की झाले.

इथे मला प्लेटोची आठवण झाली. त्याच्या 'फीड्रस' या संवादात सॉक्रेटिस लेखनाविषयी जरा नाराजीनेच बोलतो. आधी इजिप्तची ती प्रसिद्ध गोष्ट येते, लिपी शोधणारा देव आणि तिच्याबद्दल शंका घेणारा राजा. ती सगळे सांगतात. माझ्या मते त्यापुढचा भाग जास्त मोलाचा आहे. एकदा लिहिलेला शब्द, सॉक्रेटिस म्हणतो, कुठेही भटकतो. ज्याला कळते त्याच्याकडे जातो, ज्याचा संबंध नाही त्याच्याकडेही जातो. कुणाशी बोलावे आणि कुणापुढे गप्प राहावे हे त्याला समजत नाही. त्याला प्रश्न विचारला तर तो तेच ते पुन्हा सांगतो. आणि त्याच्यावर अन्याय झाला तर त्याला सोडवायला बापाला यावे लागते, त्याला स्वतःला सोडवता येत नाही. हे सारे आपल्याला कळते ते प्लेटोने लिहून ठेवले म्हणून, हा भाग वेगळा! पण त्या कराचीच्या फितीचे झाले ते नेमके हेच. बाप होता, शेवटच्या फलकात उभा होता. त्यालाच कापला.

आता जरा शाळेत येते. ज्यांनी वर्गात शिकवले आहे त्यांना चिठ्ठी माहीत आहे. तुम्ही फळ्याकडे वळता, मागच्या बाकावरून एक चिठ्ठी निघते आणि हात बदलत पुढे सरकते. पकडली, की ज्याच्या हातात सापडली तो म्हणतो, "बाई, मी नाही लिहिली. मागून आली, मी फक्त पुढे दिली." त्याच्या मागचाही तेच म्हणतो. सगळे खरेच सांगत असतात. अक्षर बहुधा मुद्दाम वेडेवाकडे काढलेले असते, त्यामुळे लिहिणारा सापडत नाही. सुरुवातीची काही वर्षे मी लिहिणाऱ्याचा शोध घेत असे. त्यात तास जायचा आणि वर्गात चुगलखोर तयार व्हायचे. नंतर मी दुसरे काही करू लागले. ज्याच्या हातात चिठ्ठी सापडली त्याला फक्त एवढे सांगायचे, "उभा राहा आणि मोठ्याने वाच." (चिठ्ठी कुणाचा अपमान करणारी असेल, तर वर्गात नाही, मधल्या सुट्टीत, माझ्यापुढे एकट्याने.) दहा वेळा सांगितले तर आठ वेळा मुलाला वाचवत नसे. ज्या चार ओळी त्याने खुशाल पुढे दिल्या असत्या, त्या स्वतःच्या तोंडून निघेनात. उरलेल्या दोन वेळा मुलाने ताठ मानेने वाचले, आणि एकदा तर त्यात माझ्याच शिकवण्याबद्दलची तक्रार होती. ती तक्रार मला पटली नाही, पण वाचणाऱ्या मुलीचे मला कौतुक वाटले. तिच्यापाशी मत होते. पुढे देणाऱ्यांपाशी फक्त हात होता.

भाच्याच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला इथे दिसते. बोलण्याचे स्वातंत्र्य हे बोलणाऱ्याचे स्वातंत्र्य आहे. पुढे ढकलण्यात मी बोलते किती आणि यंत्र करते किती? अंगठा लावला की वाक्य जाते, चित्र जाते, आणि मी ते पुरते वाचले आहे की नाही, हेही यंत्राला नको असते. तंत्रज्ञानावर विचार करणारे लोक सांगतात, की अवजार कधी नुसते अवजार नसते. कोणते काम सोपे करायचे आणि कोणते अवघड, हे ते आधीच ठरवून आपल्या हातात येते. स्वतःचे चार शब्द टंकायला दोन मिनिटे आणि दुसऱ्याचे चारशे शब्द ढकलायला दोन सेकंद, असे ज्याचे गणित आहे ते अवजार मला बोलके करते आहे, असे मी तरी म्हणणार नाही.

कुणी म्हणेल, जुन्या काळी संपादक तरी दुसरे काय करत होते? ते दुसऱ्यांची पत्रेच छापत होते. करत होते, आणि त्याची किंमतही देत होते. १८८२ सालची गोष्ट. कोल्हापूरच्या शिवाजी महाराजांचा छळ होतो आहे असे सांगत 'केसरी' आणि 'मराठा' या पत्रांनी तिथले कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर कडक टीका केली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. ज्या पत्रांच्या आधारावर हे लिहिले होते ती बनावट निघाली. टिळक आणि आगरकर यांनी ती पत्रे तयार केली नव्हती. त्यांच्याकडे ती दुसऱ्यांकडून आली होती. आजच्या भाषेत, आली तशी छापली. त्यांनी माफी मागितली, तरी चार महिन्यांची शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. आगरकरांनी त्यावर पुस्तकही लिहिले. दोघेही तेव्हा पंचविशी-सव्विशीतले. हा प्रसंग आपण शाळेत पराक्रम म्हणून शिकवतो, मीही शिकवला. पण त्यातली ही दुसरी बाजू आता मला जास्त दिसते. 'आम्हाला मागून आले' हे उत्तर त्यांना उपलब्धच नव्हते. पत्रावर नाव त्यांचे होते.

ते नाव छापायला लावणारा कायदा इंग्रजांचा, १८६७चा. मुद्रक कोण, प्रकाशक कोण, कुठे छापले, हे प्रत्येक पत्रावर असलेच पाहिजे. वर्तमानपत्राच्या तळाशी मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात ती ओळ असते, आपण कुणी वाचत नाही. सरकारने ती लादली ती मान पकडायला सोपी जावी म्हणून, यात शंका नाही. तरी तिच्यातून एक चांगली गोष्ट घडली. बेवारस शब्द छापताच येईना.

आता याची उलटी बाजू. शब्दाला मालक असला पाहिजे असे म्हणणे सोपे आहे, पण मालक सापडला की त्याचे काय करतात, तेही आपण याच महाराष्ट्रात पाहिले आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले. मुंबई बंद होती. पालघरच्या एका तरुणीने त्या बंदविषयी फेसबुकवर प्रश्न केला. शिवीगाळ नाही, धमकी नाही, साधा प्रश्न. तिच्या मैत्रिणीने त्याला 'लाइक' केले. दोघींना अटक झाली. पहिलीच्या काकांच्या दवाखान्याची जमावाने मोडतोड केली, ते आणखी वेगळे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ तेव्हा होते. त्रासदायक, गैरसोयीचे असे काही पाठवले तरी गुन्हा, इतके ते सैल. गैरसोय कुणाची, तर ज्याला वाटेल त्याची! सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात ते कलम संपूर्ण रद्द केले. त्या निकालात चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी अशा तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिल्या दोन कितीही अप्रिय असल्या तरी स्वातंत्र्यात येतात, तिसरीपाशी आल्यावरच कायद्याने हात घालायचा. मिलचा धान्याचा व्यापारी तिसऱ्या पायरीवर उभा आहे, हे वेगळे सांगायला नको. रद्द झालेल्या त्या कलमाखाली पुढेही पोलीस गुन्हे नोंदवत राहिले आणि २०२१ मध्ये न्यायालयालाच त्याबद्दल आश्चर्य व्यक्त करावे लागले. असो.

पालघर आणि राईनपाडा ही दोन गावे मला एकमेकांशेजारी ठेवावीशी वाटतात. एकीकडे स्वतःच्या नावाने, स्वतःच्या शब्दांत विचारलेला एक प्रश्न, आणि त्याखाली नावानिशी उमटवलेला एक अंगठा. तो पोलिसांना काही तासांत सापडला. दुसरीकडे मुले पळवणाऱ्यांची अफवा, जिच्या पाठीमागे कुणीच नाही. मारणारे पकडले गेले, खटले झाले, ते योग्यच. पण त्या शब्दाचे काय? जो नाव लावून बोलतो तो आधी सापडतो आणि ज्याला नाव नाही तो शब्द मोकळा राहतो. अशाने शहाणी माणसे काय शिकतात? बोलू नये, ढकलावे. ढकलण्यात धोका नाही. पालघरनंतर माझ्या ओळखीच्या कितीतरी जणांनी स्वतःचे मत लिहिणे सोडले आणि दुसऱ्याचे पाठवणे वाढवले. मला तर हे सगळ्यात जास्त बोचते. कायद्याने धाक घातला तो बोलणाऱ्यांना. ढकलणाऱ्यांची त्यात सोयच झाली.

राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतापुरता नियम केला, की एक निरोप एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवता येईल. चित्रांच्या शेजारचे झटपट पाठवायचे बटणही काढले. जगात सगळ्यात जास्त निरोप भारतात पुढे पाठवले जातात, असे कंपनीने तेव्हा सांगितले होते. २०१९च्या जानेवारीत पाचाची मर्यादा जगभर लागू झाली. एप्रिल २०२०मध्ये, करोनाच्या अफवा ऐन भरात असताना, खूप फिरून आलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे केले. त्यानंतर असे निरोप ७० टक्क्यांनी घटले, असे कंपनीचे म्हणणे. कुणाचे एक अक्षर पुसले नाही, कुणाला अटक नाही, कुणाचे मत तपासले नाही. फक्त ढकलणे थोडे जड केले.

ब्रुनो लातूर नावाचे एक फ्रेंच विचारवंत होते, २०२२ मध्ये वारले. त्यांनी रस्त्यावरच्या गतिरोधकाचे उदाहरण घेतले आहे. इंग्रजीत गतिरोधकाला 'झोपलेला पोलीस' असे म्हणतात. शाळेजवळ गाडी हळू चालवा, मुले आहेत, ही नीती झाली. गतिरोधक ती नीती सिमेंटमध्ये ओततो. मग चालक मुलांसाठी हळू होत नाही, गाडीचे पाटे मोडू नयेत म्हणून होतो. पण हळू होतो. पाचाची मर्यादा हा असाच गतिरोधक. मिलच्या काळी जे अंतर आपोआप होते, त्यातले चिमूटभर यंत्रात परत घातले, इतकेच. भाच्याला माझे म्हणणे एवढे, की गतिरोधकामुळे तुझे पुण्याला जाण्याचे स्वातंत्र्य गेले असे तू म्हणत नाहीस ना?

त्याची एक शंका मात्र मला खोडता येत नाही. रस्त्यावर गतिरोधक घालायचा तर नगरपालिकेला अर्ज करतात, ठराव होतो, चुकीचा घातला तर लोक ओरडतात आणि उखडून टाकायला लावतात. पाच हा आकडा कुणी ठरवला? तीन का नाही, आठ का नाही? कॅलिफोर्नियातल्या कुठल्याशा खोलीत बसून ठरले. बरे, हिशेब पाहा. २०१८ मध्ये एका गटात जास्तीत जास्त २५६ माणसे असत. पाच गट म्हणजे १२८० माणसे, एका अंगठ्यात. २०२२ साली त्याच कंपनीने असे केले, की आधीच फिरून आलेला निरोप एका वेळी एकाच गटात जाईल. ऐकायला किती बरे वाटते! पण त्याच वर्षी गटाचा आकार वाढवत १०२४ वर नेला. म्हणजे पाच दारे होती तेव्हा १२८०, आणि एक दार ठेवले तेव्हा १०२४. गतिरोधक घातला आणि रस्ता चौपट रुंद केला. यात कुणाला काही विचारण्याची सोय नाही. सरकारने अभिव्यक्तीवर बंधन घातले तर न्यायालयात जाऊन श्रेया सिंघल होता येते. इथे कुणाच्या दारात उभे राहायचे?

सरकारचा उपाय दुसराच आहे. २०२१च्या नियमांत असे घातले, की न्यायालयाने किंवा योग्य अधिकाऱ्याने आदेश दिला तर निरोप पहिल्यांदा कुणी पाठवला हे कंपनीने शोधून द्यावे. बेवारस शब्दाला बाप शोधून द्यायचा. वर जे म्हणत आले त्यावरून मी याच्या बाजूची असेन असे वाटेल, पण मी नाही. निरोप वाटेत कुणालाच वाचता येऊ नयेत अशी त्या अ‍ॅपची रचना आहे. एकाचा पहिला निरोप ओळखायचा तर सगळ्यांच्या निरोपांवर खूण करून ठेवावी लागेल, असे म्हणत कंपनी त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. कंपनीचे हेतू तिच्यापाशी. पण म्हणणे मला पटते, आणि ते पटते ते एका मराठी माणसामुळे. गोपाळ हरी देशमुख कंपनी सरकारच्या नोकरीत होते (ती कंपनी वेगळी, लंडनची!). १८४८ पासून त्यांनी भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर'मध्ये 'लोकहितवादी' या टोपणनावाने शतपत्रे लिहिली. आपल्याच समाजाची इतकी कठोर तपासणी त्याआधी मराठीत कुणी केली नव्हती. पहिला पाठवणारा कोण, हे एका आदेशासरशी कळले असते, तर ती पत्रे त्यांनी लिहिली असती का? लोकहितवादी पडद्यामागे होते, पण भाऊ महाजन पडद्यापुढे उभे होते. लिहिणारा लपला तरी चालते, मधे कुणीतरी 'हे मी देतो आहे' म्हणणारा लागतो. सरकारला पहिला माणूस हवा आहे. मला मधला हवा आहे. तो शोधायला यंत्र लागत नाही, तो आपल्या मामेभावांत आणि नणंदांत बसलेला असतो.

आमच्या घराण्याच्या गटात मी एक सूचना मांडून पाहिली, या गणपतीत. आठवडाभर जे पाठवायचे ते स्वतः टंकून, आपल्या शब्दांत पाठवायचे. फोटो चालेल, पण स्वतः काढलेला. ४३ माणसे आहेत. पहिले दोन दिवस गट ओस पडला, एका चुलतदिरांनी तर फोन बिघडला की काय म्हणून मुलाकडून तपासून घेतला. मग धाकट्या जाऊबाईंनी पातोळ्या फसल्याची हकिगत लिहिली, आमच्या नागपूरच्या वन्संनी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचे इतके बारकाईने वर्णन केले की तिघींनी आपली शस्त्रक्रिया पुढे ढकलली. चौथ्या दिवशी दोन पुतण्यांत एका मोर्चावरून जुंपली. तीन दिवस चालले. एकाने दुसऱ्याला आकडे कुठून आणलेस विचारले, दुसऱ्याने पहिल्याला तू तिथे होतास का विचारले. शुद्धलेखन दोघांचेही वाईट. पाचव्या दिवशी एकाने "एवढ्यापुरते तुझे बरोबर आहे" असे लिहिले आणि पुढच्या ओळीत पुन्हा भांडायला सुरुवात केली.